अरेंज म्हणजे काय? अर्थ, उपयोग, उदाहरणे आणि नेहमी होणाऱ्या चुका

‘हॉल अरेंज झाला का?’, ‘गाडी अरेंज करतो’, ‘त्यांचं अरेंज मॅरेज आहे’, ‘ओ निगेटिव्ह रक्त अरेंज करायचंय’. अशी वाक्ये मराठी घरांत, कार्यालयांत आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ऐकायला आणि वाचायला मिळतात. ‘अरेंज’ हा इंग्रजी शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याचा अर्थ विचारायची वेळच येत नाही. पण वरच्या चारही वाक्यांत त्याचा अर्थ वेगळा आहे. हा फरक लक्षात आला नाही तर नोकरीच्या मेलमधले वाक्य चुकते, ‘झालं’ आणि ‘करतो’ यांत गोंधळ होतो आणि कधी कधी एखादे तातडीचे काम नेमके कोणी करायचे हेच कोणाला कळत नाही.

अरेंज या शब्दाचे अर्थ, त्याची वाक्यातली रचना, मराठीतले योग्य प्रतिशब्द आणि नेहमी होणाऱ्या चुका यांची माहिती या लेखात दिली आहे.

अरेंजचा थोडक्यात अर्थ

अरेंज हे इंग्रजीतले क्रियापद आहे. त्याचे मुख्य अर्थ चार:

१. वस्तू ठरावीक क्रमाने किंवा नीट मांडणे, लावणे, रचणे.
२. एखादी गोष्ट आधीपासून ठरवणे. उदा. भेट, बैठक, मुलाखत.
३. एखाद्या गोष्टीची सोय, व्यवस्था किंवा तजवीज करणे.
४. गाण्याच्या चालीसाठी वाद्यांची योजना करणे, म्हणजेच संगीत संयोजन.

चारही अर्थांमागची कल्पना एकच आहे. विखुरलेल्या गोष्टी एकत्र आणून त्यांना जागा, वेळ किंवा क्रम देणे.

उच्चार आणि रूपे

या शब्दाचा उच्चार ‘अ-रेंज’ असा असून जोर ‘रें’वर येतो. शेवटचा ‘ज’ हा ‘जीवन’मधल्या ‘ज’सारखा आहे, ‘जागा’मधल्या ‘ज’सारखा नाही. भूतकाळी रूप ‘अरेंज्ड’ असे उच्चारतात. ‘अरेंजेड’ असा तीन तुकड्यांचा उच्चार चुकीचा आहे. चालू काळासाठी ‘अरेंजिंग’, तर नाम म्हणून ‘अरेंजमेंट’ हे रूप वापरतात.

या कुटुंबातले आणखी काही शब्द:

• रीअरेंज: पुन्हा मांडणे किंवा ठरलेली वेळ बदलणे.
• प्रीअरेंज्ड: आधीच ठरलेले.
• डिसअरेंज: मांडणी विस्कटणे.
• अरेंजर: संयोजन करणारा, विशेषतः संगीतात.

हा शब्द आला कुठून?

अरेंज हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘रांग’ हा अर्थ असलेला फ्रेंच शब्द आहे. इंग्रजीतले ‘रँक’ आणि ‘रेंज’ हे शब्दही त्याच मुळाचे. सुरुवातीला या क्रियापदाचा अर्थ ‘सैन्य लढाईसाठी रांगेत उभे करणे’ असा होता. पुढे कित्येक शतके तो फारसा वापरात नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आढळत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘वस्तू क्रमाने लावणे’ हा सर्वसाधारण अर्थ रूढ झाला आणि मग हा शब्द घराघरात पोहोचला.

‘डिरेंज्ड’ म्हणजे डोके फिरलेला, हा शब्दही याच मुळाचा. जो रांगेतून सुटला, ज्याची घडी विस्कटली, तो डिरेंज्ड.

अर्थ पहिला: मांडणे, लावणे

• शी अरेंज्ड द बुक्स ऑन द शेल्फ. – तिने कपाटात पुस्तके नीट लावली.
• अरेंज द नंबर्स इन असेंडिंग ऑर्डर. – संख्या चढत्या क्रमाने लावा.
• द चेअर्स वेअर अरेंज्ड इन अ सर्कल. – खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या.

शाळेत हा अर्थ सर्वात आधी भेटतो. ‘शब्द क्रमाने लावून वाक्य तयार करा’ हा प्रश्न इंग्रजीच्या परीक्षेत ‘रीअरेंज’ या शब्दाने सुरू होतो. गणितातही ‘अरेंज’ आणि ‘सिलेक्ट’ यांतला फरक महत्त्वाचा आहे. तीन पुस्तकांमधून दोन फक्त निवडायची असतील तर ती ३ प्रकारे निवडता येतात. पण दोन निवडून ओळीत लावायची असतील तर ६ प्रकार होतात, कारण कोणते आधी आणि कोणते नंतर हेही मोजावे लागते. म्हणजे अरेंज म्हटले की क्रम आलाच.

परीक्षा केंद्राबाहेर लागणारी ‘सीटिंग अरेंजमेंट’ म्हणजे बैठक व्यवस्था. ‘फ्लॉवर अरेंजमेंट’ला मराठीत पुष्परचना म्हणतात.

अर्थ दुसरा: ठरवणे

• कॅन वी अरेंज अ मीटिंग ऑन मंडे? – सोमवारी बैठक ठरवता येईल का?
• दे अरेंज्ड टू मीट ॲट सिक्स. – त्यांनी सहा वाजता भेटायचे ठरवले.

येथे वस्तू नाहीत, वेळ आणि माणसे आहेत. दोन्ही बाजूंनी होकार मिळाला की मगच ‘अरेंज्ड’ म्हणता येते. एकाने दिवस सुचवला आणि दुसऱ्याने उत्तरच दिले नाही, तर ती भेट अजून अरेंज झालेली नाही.

अर्थ तिसरा: सोय करणे

• द कंपनी विल अरेंज युअर स्टे. – तुमच्या मुक्कामाची सोय कंपनी करेल.
• ही इज ट्राइंग टू अरेंज द मनी. – तो पैशांची जुळवाजुळव करतो आहे.

मराठी बोलण्यात हाच अर्थ सर्वाधिक वापरला जातो. यात काम स्वतःच्या हाताने करणे अपेक्षित नसते, ते होईल याची खात्री करणे अपेक्षित असते. ‘मी गाडी अरेंज करतो’ म्हणणारा माणूस स्वतः गाडी चालवेलच असे नाही. पण गाडी वेळेवर दारात येण्याची जबाबदारी त्याने घेतलेली असते.

अर्थ चौथा: संगीत संयोजन

संगीतकार चाल बांधतो. पण व्हायोलिन कुठे येणार, बासरी कधी थांबणार, दोन कडव्यांच्या मधला तुकडा कोणत्या वाद्यांवर वाजणार, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी लिहून काढणारा तो अरेंजर.

हिंदी चित्रपटसंगीतात या कामाशी गोव्याचे जवळचे नाते आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या संगीत शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जात असे. तिथे तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईत आले आणि गाणी ‘अरेंज’ करू लागले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातल्या अमिताभ बच्चन यांच्या पात्राला त्यांचेच नाव मिळाले. मराठीत अनिल मोहिले यांचे नाव संगीत संयोजक म्हणून आदराने घेतले जाते. गाणे लक्षात राहते ते गायक आणि संगीतकार यांच्या नावाने. अरेंजरचे नाव मात्र बहुतेक वेळा श्रेयनामावलीत खाली, किंवा नसतेच.

मराठीत एकच प्रतिशब्द का नाही?

इंग्रजीत एक अरेंज पुरतो. मराठीत मात्र काय अरेंज करायचे आहे त्यावर क्रियापद बदलते. भाषांतर करताना सर्वाधिक चुका इथेच होतात.

• पुस्तके लावतात.
• पाट-पाणी मांडतात.
• फुले रचतात.
• भेट ठरवतात.
• सभा भरवतात किंवा आयोजित करतात.
• पैसे उभे करतात, त्यांची जुळवाजुळव करतात.
• राहण्याची सोय करतात.
• लग्न जुळवतात, जमवतात.
• मिरवणुकीला पोलीस बंदोबस्त ठेवतात.

‘व्यवस्था करणे’ हा शब्द सगळीकडे चालतो असे वाटते, पण ‘फुलांची व्यवस्था केली’ म्हटले तर फुले आणली असा अर्थ निघतो, ती सजवली असा नाही.

‘बंदोबस्त’ या शब्दाची गंमत वेगळीच. तो मूळचा फारसी. व्यवस्था याच अर्थाने तो ब्रिटिश काळात भारतातल्या इंग्रजांच्या बोलण्यातही शिरला आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात त्याची नोंद आहे. मराठीत मात्र ‘मंडपाचा बंदोबस्त करा’ आणि ‘त्या उंदरांचा बंदोबस्त करा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्याचे भाषांतर करताना अरेंज वापरता येणार नाही.

वाक्यात अरेंज कसे वापरावे?

१. अरेंज + वस्तू किंवा घटना
आय हॅव अरेंज्ड द टिकेट्स. – मी तिकिटांची सोय केली आहे.

२. अरेंज + टू + क्रियापद
शी अरेंज्ड टू लीव्ह अर्ली. – तिने लवकर निघायचे ठरवून ठेवले.

३. अरेंज + फॉर + व्यक्ती किंवा वस्तू + टू + क्रियापद
वी अरेंज्ड फॉर अ टॅक्सी टू पिक देम अप. – त्यांना आणायला टॅक्सी जाईल अशी व्यवस्था आम्ही केली.

४. अरेंज + विथ + व्यक्ती
आय हॅव अरेंज्ड इट विथ द मॅनेजर. – मॅनेजरशी बोलून मी ते ठरवले आहे.

तिसऱ्या रचनेत ‘फॉर’ विसरणे ही सर्वात मोठी चूक. ‘आय अरेंज्ड हिम टू कम’ हे चुकीचे, ‘आय अरेंज्ड फॉर हिम टू कम’ हे बरोबर.

अरेंज मॅरेज की अरेंज्ड मॅरेज?

बोलताना सगळेच ‘अरेंज मॅरेज’ म्हणतात. इंग्रजी व्याकरणानुसार बरोबर शब्द ‘अरेंज्ड मॅरेज’ आहे, कारण लग्न कोणीतरी ‘जुळवलेले’ असते. निबंधात, मुलाखतीत किंवा कुठल्याही लेखी इंग्रजीत ‘अरेंज्ड’ लिहावे. मराठीत त्याला ठरवून केलेले लग्न किंवा जमवलेले लग्न म्हणतात. बोलीत ‘कांदेपोह्यांचा कार्यक्रम’ म्हटले तरी सगळ्यांना कळते.

व्याकरणापेक्षा मोठा प्रश्न अर्थाचा आहे. जुळवलेले लग्न आणि लादलेले लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळवलेल्या लग्नात घरचे स्थळ सुचवतात, भेट घडवून आणतात, पण होकार किंवा नकार मुलगा-मुलगी देतात. जिथे नकार देण्याची मुभाच नाही, तिथे अरेंज्ड हा शब्द लागू होत नाही. इंग्रजीत त्याला ‘फोर्स्ड मॅरेज’ म्हणतात.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील (१९४८) कलम १६ नुसार लग्न दोघांच्याही मुक्त आणि पूर्ण संमतीनेच व्हायला हवे. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाची बळजबरी हा २०१४ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, जुळवलेले लग्न मात्र तिथे पूर्णपणे कायदेशीर आहे. भारतात हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार संमती बळजबरीने किंवा फसवणुकीने घेतलेली असेल तर ते लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेता येते. त्यासाठी बळजबरी संपल्यापासून किंवा फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘आमच्यात अरेंजच असतं’ या वाक्याआड मुलीचा नकार दडपला जात असेल, तर शब्द चुकीचा वापरला जातो आहे.

अरेंज आणि त्याच्या जवळचे शब्द

• ऑर्गनाइझ: मोठा कार्यक्रम किंवा अनेक माणसांचे काम आखणे. शिबिर ऑर्गनाइझ करतात, शिबिरासाठी पाण्याची टाकी अरेंज करतात.
• मॅनेज: सांभाळणे, कसेबसे निभावणे. मराठीत मात्र ‘त्याला मॅनेज केलं’ म्हणजे पैसे किंवा वशिला लावून गप्प केले, असा वाईट अर्थ निघतो.
• ॲडजस्ट: असलेल्या परिस्थितीत थोडे इकडेतिकडे करणे. लोकलमधली ‘जरा ॲडजस्ट करा’ची विनंती ही नवी व्यवस्था करण्याची नसते, सरकून बसण्याची असते.
• सॉर्ट: प्रकारानुसार वेगळे करणे. कपडे रंगाप्रमाणे सॉर्ट करतात, मग कपाटात अरेंज करतात.
• सेट: जागेवर बसवणे. बोली मराठीतले ‘सेटिंग’ मात्र आतल्या गाठीच्या व्यवहारासाठी वापरतात.
• फिक्स: पक्के करणे. तारीख फिक्स झाली की बदल सहसा होत नाही.

‘अरेंज करा’ लिहिताना घ्यायची काळजी

कार्यालयीन मेलमध्ये ‘काइंडली अरेंज द पेमेंट’ असे सर्रास लिहिले जाते. वाक्य चुकीचे नाही, पण मोघम आहे. पैसे कधी, किती आणि कोणी भरायचे हे त्यातून कळत नाही. ‘प्लीज पे द बॅलन्स बाय फ्रायडे’, म्हणजे उरलेली रक्कम शुक्रवारपर्यंत भरा, असे लिहिले तर उत्तरही स्पष्ट येते. तसेच ‘विल अरेंज’ म्हणजे करणार आहे आणि ‘हॅव अरेंज्ड’ म्हणजे केले आहे. काम अजून व्हायचे असताना ‘अरेंज्ड’ असे उत्तर पाठवले की समोरचा निर्धास्त होतो आणि ऐनवेळी दोघांचीही पंचाईत होते.

सोशल मीडियावर हा मोघमपणा अधिक महागात पडतो. ‘अर्जंट, रक्त अरेंज करा’ एवढाच निरोप शेकडो ग्रुपवर फिरतो. त्यात तारीख नसते, रुग्णालय नसते. गरज संपून महिना उलटला तरी फोन येतच राहतात आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याचा निरोप त्या गर्दीत हरवतो. अशा निरोपात पुढील गोष्टी असायलाच हव्यात:

• रक्तगट आणि रक्त हवे की प्लेटलेट्स. प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच टिकतात, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा.
• किती पिशव्या आणि कधीपर्यंत.
• रुग्णालयाचे नाव आणि शहर.
• निरोप लिहिल्याची तारीख आणि वेळ.
• सोय झाली की त्याच ग्रुपवर ‘व्यवस्था झाली, कृपया पुढे पाठवू नका’ अशी सूचना.

येथे अरेंजचा अर्थ ‘विकत आणा’ असा कधीच होत नाही. पैसे घेऊन रक्त देण्यावर भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. कोणी रक्तदाता ‘अरेंज करून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर सावध व्हावे. रक्तपेढ्यांमधला साठा सरकारच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर पाहता येतो, तिथे आधी शोध घेणे चांगले.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: अरेंजचा विरुद्धार्थी शब्द कोणता?
उत्तर: मांडणीच्या अर्थाने ‘डिसअरेंज’, म्हणजे विस्कटणे. ठरवण्याच्या अर्थाने ‘कॅन्सल’, म्हणजे रद्द करणे.

प्रश्न: अरेंजमेंट आणि ॲग्रीमेंट एकच का?
उत्तर: नाही. ॲग्रीमेंट म्हणजे करार, जो बहुतेक वेळा लेखी असतो. अरेंजमेंट ही आपसांत ठरलेली सोय. भाड्याच्या घराबाबत तोंडी अरेंजमेंटवर न थांबता लेखी करार करावा.

प्रश्न: ‘मीटिंग रीअरेंज केली’ म्हणजे काय?
उत्तर: बैठक रद्द झाली नाही, तिची वेळ किंवा दिवस बदलला.

प्रश्न: मराठी लिहिताना ‘अरेंज करणे’ वापरावे का?
उत्तर: बोलताना चालते. लिहिताना लावणे, मांडणे, ठरवणे, सोय करणे, जुळवणे यांपैकी नेमका शब्द निवडला तर वाचणाऱ्याला काय करायचे ते लगेच कळते.

निष्कर्ष

अरेंज म्हणजे मांडणे, ठरवणे, सोय करणे आणि संगीतात संयोजन करणे. कोणता अर्थ घ्यायचा हे पुढे येणाऱ्या शब्दावर ठरते. इंग्रजीत ‘अरेंज फॉर’मधला ‘फॉर’ आणि ‘अरेंज्ड मॅरेज’मधला ‘ड’ विसरू नये. आणि कोणालाही ‘अरेंज करा’ असे सांगताना काय, कोणी आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी सोबत लिहाव्यात. त्या लिहिल्या की निम्मे काम तिथेच अरेंज झालेले असते.